राइट फील्डमधली पोर : लिटल लीगचा आमचा पहिला मोसम

१४ जून २०२५ रोजी माझ्या लेकीचा लिटल लीग बेसबॉलचा पहिला मोसम संपला. नोंदणी सुरू झाल्याचा पहिला ईमेल आला होता १५ नोव्हेंबरला. म्हणजे चौदा सामन्यांच्या या प्रकरणाने आमच्या घरात तब्बल सात महिने मुक्काम ठोकला होता. न्यू जर्सीत मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत, पण आमच्या ओळखीतली मुले बहुतेक क्रिकेट, टेनिस किंवा बुद्धिबळाकडे वळलेली, त्यामुळे नोव्हेंबरात मला ज्या शंका होत्या त्या मोकळेपणाने विचाराव्यात असे कोणी नव्हते. पुढच्या नोव्हेंबरात माझ्या जागी जे कोणी आईबाबा असतील त्यांच्यासाठी, आठवते आहे तोवर, हे क्रमाने लिहून ठेवते आहे. खेळातले मला फार कळते असा दावा नाही. मी सांगते आहे ते घडीच्या खुर्चीत बसून, मांडीवर वही ठेवून पाहिलेले आहे.

सुरुवात कागदपत्रांपासून करते, कारण आमची दमछाक तिथेच झाली. लिटल लीग ही १९३९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट गावी कार्ल स्टॉट्झ यांनी सुरू केलेली संस्था. आज तिच्या नियमांखाली गावोगावच्या लीग चालतात आणि त्या चालवतात त्या गावातले पालकच, बिनपगारी. प्रत्येक लीगला नकाशावर आखलेली हद्द असते आणि मूल त्या हद्दीत राहणारे किंवा तिथल्या शाळेत शिकणारे असावे लागते. हद्दीचा हा आग्रह पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो ग्रामपंचायतीच्या वॉर्डासारखा वाटला होता, आणि खरे सांगायचे तर तो तसाच आहे. चांगले खेळाडू कोणी बाहेरून आणून भरू नयेत एवढाच त्याचा हेतू.

राहण्याचा पुरावा एक नव्हे, तीन लागतात, आणि तेही तीन वेगवेगळ्या गटांतले. एका गटात वाहन परवाना, गाडीची किंवा विम्याची कागदपत्रे. दुसऱ्यात घराचा करारनामा, कराची पावती अशी सरकारी वा घरासंबंधीची कागदपत्रे. तिसऱ्यात विजेचे, पाण्याचे, इंटरनेटचे बिल किंवा बँकेचे पत्रक. शिवाय त्यावरची तारीख आदल्या वर्षीच्या १ फेब्रुवारीपासून चालू वर्षीच्या १ फेब्रुवारीपर्यंतच्या काळातली हवी. शाळेकडून ठरावीक नमुन्यावर सही-शिक्का आणला तर या तिन्ही पुराव्यांपासून सुटका होते, हे मला मार्चमध्ये कळले. तुम्ही मात्र आधी शाळेच्या कार्यालयात विचारून पाहा. आमच्याकडे आणखी एक आपल्याकडचीच गंमत झाली. माझ्या परवान्यावर माहेरचे आडनाव आहे, विजेचे बिल माझ्या नावावर आहे आणि अर्जात पालक म्हणून नवऱ्याचे नाव पहिले आले. तीन कागद, दोन आडनावे. लीगच्या नोंदणीप्रमुख बाईंनी अत्यंत सौजन्याने, पण चार ईमेल पाठवून, सगळे पुरावे एकाच पालकाच्या नावाचे मागितले. शेवटी तिन्ही कागद नवऱ्याच्या नावाचे जोडले.

जन्मदाखल्याची कथा याहून लांबली. मुलगी सांगलीची, ऑगस्ट २०१५ मधली. ऑनलाइन अर्जाला दाखल्याची प्रत चालते, पण पुढे प्रत्यक्ष मूळ कागद दाखवावा लागतो, आणि तो होता सांगलीत. आदल्या दिवाळीत घराच्या कामासाठी कागदांची पिशवी नेली होती, ती येताना तिथेच राहिली. सासऱ्यांना फोन केला. आबांना वाटले, शाळेचाच काही घोळ झाला.

“अगं, खेळायला जन्मदाखला कशाला? पोर आहे हे दिसतंय की डोळ्यांना.”

“आबा, किती वर्षांची आहे ते बघतात. त्यावरून गट ठरतो.”

“मग दात मोजा म्हणावं,” असे म्हणून त्यांनी फोन ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुरिअरवाल्याकडे जाऊन आले. साडेतीन हजार रुपये आणि अकरा दिवस लागले. महाराष्ट्रातला दाखला मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असतो, त्यामुळे भाषांतराचा खर्च वाचला. मूळ दाखला हाताशी ठेवा, एवढे तरी माझ्याकडून शिका.

आबांच्या दात मोजण्याच्या सल्ल्यात तथ्य होते म्हणायचे, कारण ‘लीगचे वय’ हे खऱ्या वयाहून निराळे असते. त्या वर्षीच्या ३१ ऑगस्टला मूल जितक्या वर्षांचे असेल ते त्याचे लीगचे वय. आमची मुलगी ऑगस्टच्या अखेरची. एप्रिलमध्ये ती साडेनऊ वर्षांची होती, पण लीगच्या लेखी दहाची. चार-पाच दिवस उशिरा जन्मली असती तर नऊची ठरली असती. तिच्याच संघात तिच्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठी, वीतभर उंच मुले होती आणि कागदावर ती सगळी समवयस्क. जून-जुलै-ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांच्या पालकांनी ही गोष्ट पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावी, म्हणजे सरावात आपले मूल लहान दिसले की उगाच जीव टांगणीला लागत नाही.

नोंदणीचे शुल्क २१० डॉलर होते. ३१ जानेवारीनंतर २५ डॉलर अधिक. त्याखेरीज दीडशे डॉलरचा एक धनादेश अनामत म्हणून द्यावा लागतो, ज्यावर पुढची तारीख घालायची. कुटुंबाने मोसमात दोनदा मैदानावरच्या खाऊच्या टपरीत, म्हणजे स्नॅक शॅकमध्ये, काम केले की तो परत मिळतो. नाही केले तर वटतो. ही पद्धत मला सुरुवातीला जरा सावकारी वाटली होती. एप्रिलमधल्या एका शनिवारी चार तास हॉट डॉग उलटेपालटे केल्यावर, आणि मैदानाची माती, चुन्याच्या रेषा, पंचांचे मानधन हे सगळे त्याच टपरीच्या गल्ल्यातून निघते हे कळल्यावर, मत बदलले.

१ मार्चला, शनिवारी, शाळेच्या बंदिस्त जिममध्ये मुलांची चाचणी झाली. बाहेर बर्फाचे ढिगारे अजून वितळायचे होते. प्रत्येक मुलाच्या पाठीवर कागदी क्रमांक लावतात, तीन सरपटी चेंडू अडवायला देतात, तीन उंच चेंडू झेलायला, पाच चेंडू मारायला, आणि एकदा पळायला लावतात. सगळे मिळून सहा मिनिटेही होत नाहीत. भिंतीला टेकून दहा-बारा मॅनेजर पुठ्ठ्याच्या पाटीवर गुण लिहीत असतात. लिटल लीगच्या भाषेत मुख्य प्रशिक्षकाला ‘मॅनेजर’ म्हणतात आणि ‘कोच’ हे त्याचे मदतनीस. हे मला ठाऊक नसल्याने मी दोन महिने सगळ्यांना चुकीच्या पदव्या देत होते.

आमच्या मुलीचे क्रिकेटचे सगळे शिक्षण सांगलीच्या अंगणात, आबांच्या हाताखाली झालेले. पाळी आल्यावर तिने बॅट जमिनीला टेकवली, गुडघे किंचित वाकवले आणि मान खाली घालून वाट पाहू लागली. समोरच्या गृहस्थांचा उचललेला हात तसाच राहिला. मग ते जवळ आले, त्यांनी बॅट हळूच उचलून तिच्या खांद्यामागे नेली, कोपर वर धरायला लावले आणि परत आपल्या जागी गेले. पहिले दोन चेंडू हुकले. तिसरा तिने सवयीने सरळ बॅटने खाली दाबला, अगदी जपून, स्टंप वाचवल्यासारखा. जिममध्ये कोणी हसले नाही याबद्दल मी आजही त्या सगळ्या बापयांची ऋणी आहे.

चाचणीनंतर मॅनेजर मंडळी एका रात्री बसून आळीपाळीने मुले निवडतात. मैत्रिणीच्या संघात घाला, गाडी एकत्र नेता येईल, असल्या विनंत्या बहुतेक वेळा मान्य होत नाहीत. ८ मार्चला फोन आला. आमची मुलगी मायनर्स या लहान मुलांच्या गटातल्या ब्रूअर्स संघात गेली होती. गावातल्या संघांना मोठ्या व्यावसायिक संघांचीच नावे असतात. आबांनी फोनवर नावाचा अर्थ विचारला. बिअर गाळणारे, असे सांगितल्यावर पलीकडे थोडा वेळ शांतता होती.

मदतीला माणसे कमी आहेत असे पहिल्याच ईमेलमध्ये लिहिले होते, म्हणून नवऱ्याने कोच व्हायचे कबूल केले आणि मी गुणलेखक. मुलांच्या जवळपास वावरणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाची पार्श्वभूमी दरवर्षी तपासली जाते. त्यासाठी अर्ज, छायाचित्र असलेले सरकारी ओळखपत्र आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक द्यावा लागतो. मुलांवरील अत्याचार ओळखण्याविषयीचे ऑनलाइन प्रशिक्षणही सक्तीचे आहे. माझी तपासणी तीन दिवसांत झाली, नवऱ्याची सतरा दिवस अडकली, कारण त्याच्या नावाचा माणूस म्हणे आणखी कुठल्या तरी काउंटीत होता. त्या सतरा दिवसांत त्याला मैदानाच्या कुंपणाबाहेरून सराव पाहावा लागला. कोच होणाऱ्यांसाठी न्यू जर्सीत आणखी एक पायरी आहे. रटगर्स विद्यापीठाने तयार केलेला सुरक्षिततेचा तीन तासांचा वर्ग पूर्ण केला की, १९८० च्या दशकातल्या राज्याच्या कायद्याप्रमाणे, बिनपगारी प्रशिक्षकाला दिवाणी दाव्यांपासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळते. नवरा कुरकुरत गेला आणि डोक्याला मार लागल्याची लक्षणे वहीत उतरवून परत आला. तपासणीचा अर्ज जानेवारीतच भरून टाकावा, मार्चपर्यंत थांबू नये.

आता खरेदी. चेंडू आणि कॅचरचा, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू पकडणाऱ्याचा, सरंजाम लीग देते. टोपी आणि सदरा शुल्कात येतो. बाकी सगळे आपले. ग्लोव्ह ५५ डॉलर, हेल्मेट ३५, प्लास्टिकच्या खिळ्यांचे बूट ४० (धातूचे खिळे या वयात चालत नाहीत), दोन पँट ३६. ग्लोव्ह घेताना मी मोठीच चूक करणार होते. उजव्या हाताने फेकणाऱ्या मुलाला ग्लोव्ह डाव्या हातात घालायचा असतो आणि दुकानातल्या पाटीवर लिहिलेले असते ते फेकण्याच्या हाताचे. ती चूक दुकानदाराने वाचवली. बॅटची चूक मात्र पुरी झाली. सवलतीत मिळाली म्हणून ९० डॉलरची चकचकीत निळी बॅट मागवली. पहिल्या सरावाला मॅनेजरने ती हातात फिरवून निमुळत्या भागावरचा शिक्का पाहिला आणि मान हलवली. १ जानेवारी २०१८ पासून लिटल लीगमध्ये लाकडी नसलेल्या बॅटवर ‘यूएसए बेसबॉल’ असा शिक्का असावा लागतो. आमच्या बॅटवर होता ‘यूएसएसएसए’. ती दुसऱ्या संघटनेची मान्यता. त्या बॅटने चेंडू अधिक जोरात जातो आणि म्हणूनच ती इथे चालत नाही. दोन एस जास्त पडले आणि परतीच्या टपालाचे १२ डॉलर गेले.

सराव आठवड्यातून दोनदा. ३० मार्चला, रविवारी, गुढीपाडवा होता आणि सकाळी दहाला सराव. गुढी उभारून, श्रीखंड फ्रिजमध्ये ठेवून आम्ही चार अंश सेल्सिअसमध्ये दीड तास उभे राहिलो. मैदानावर एक पालक म्हणून काय न्यावे असे कोणी विचारले तर मी ब्लँकेट, थर्मास आणि पुन्हा ब्लँकेट असे सांगेन. मे महिना उजाडेपर्यंत इथला बेसबॉल हा हिवाळी खेळच आहे.

१२ एप्रिलला उद्घाटन. सगळे संघ अग्निशमन दलाच्या गाडीमागून गावातून मिरवत मैदानावर गेले. भाषणे लांबली आणि पहिला सामना पाऊण तास उशिरा सुरू झाला.

गुणलेखनाची वही पहिल्यांदा उघडली तेव्हा ती मला कुंडलीसारखी दिसली. प्रत्येक फलंदाजासाठी प्रत्येक डावाला एक चौकोन, चौकोनात एक तिरपा चौकट-एक्का, म्हणजे चार बेस, फलंदाजाने धावत गाठायचे चार टप्पे. क्षेत्ररक्षकांना नावे नसतात, क्रमांक असतात. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, एक, कॅचर दोन, मग पहिला, दुसरा, तिसरा बेस म्हणजे तीन, चार, पाच; दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला शॉर्टस्टॉप सहा; आणि बाहेरची तीन मैदाने डावीकडून सात, आठ, नऊ. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून पहिल्या बेसवर फेकला आणि धावपटू बाद झाला की लिहायचे ६-३. तीन स्ट्राइकवर, म्हणजे हुकलेल्या किंवा मारण्याजोगे असून सोडलेल्या तीन चेंडूंवर, बाद झाला तर इंग्रजी ‘के’ हे अक्षर. आणि तिसरा स्ट्राइक बॅट न फिरवता, नुसता पाहत राहून गेला असेल तर तोच ‘के’ उलटा. पहिल्या दोन सामन्यांत माझी वही वाचण्यासारखी नव्हती. तिसऱ्यापासून हात बसला, आणि त्याबरोबरच खेळही उलगडू लागला. मला वाटते, नवख्या पालकाला बेसबॉल शिकण्याचा याहून बरा मार्ग नाही. चेंडूफळी पाहत वाढलेल्या माणसाला वाटते की काहीच घडत नाही. वही हातात असली की कळते, प्रत्येक चेंडूला काही तरी घडलेले असते.

आमची मुलगी नऊ क्रमांकाची. राइट फील्ड, म्हणजे उजवीकडचे बाहेरचे मैदान. या वयात बहुतेक मुले उजव्या हाताने खेळतात, चेंडू डावीकडे जातो, म्हणून ज्या मुलाचा अजून भरवसा नाही त्याला नवव्या जागी उभे करतात. हे कोणी बोलून दाखवत नाही, पण सगळ्या आयांना माहीत असते. २६ एप्रिलच्या सामन्यात मी वहीतून डोके वर काढले तेव्हा ती ग्लोव्ह काखेत धरून खाली बसली होती. त्या दिवसांत इथल्या गवतात पिवळी डँडेलियनची फुले दाटून येतात. ती एकेक खुडून टोपीच्या मागच्या फटीत खोचत होती, अबोलीचा गजरा माळावा तशी. तेवढ्यात डावखुऱ्या फलंदाजाने मारलेला चेंडू तिच्यापासून दहा फुटांवर पडून कुंपणाकडे घरंगळला. सगळे ओरडले. ती उठली, धावली, चेंडू उचलला आणि सगळी ताकद लावून पहिल्या बेसकडे फेकला, जिथून धावपटू केव्हाच निघून गेला होता. दोन धावा झाल्या. डाव संपल्यावर मॅनेजरने तिला जवळ बोलावले आणि मला वाटले, आता काही खरे नाही. ते म्हणाले एवढेच, की चेंडू येण्याआधी ठरवून ठेव, आला तर कुठे फेकशील. फुले टोपीत तशीच होती.

तिला बाकावर बसवून ठेवले नाही त्यामागे मॅनेजरचा चांगुलपणा होताच, पण नियमही होता. लिटल लीगच्या मोसमी सामन्यात प्रत्येक मुलाला किमान सहा बाद होईपर्यंत क्षेत्ररक्षण आणि किमान एकदा फलंदाजी मिळालीच पाहिजे. सामना सहा डावांचा असतो, तेव्हा हे फार नाही. तरीही मला हा नियम फार आवडला, कारण सांगलीत शाळेच्या संघात चार वर्षे राखीव म्हणून पाणी वाहिलेली मुलगी मी स्वतः होते.

टपरीतल्या माझ्या दुसऱ्या पाळीला, मेच्या पहिल्या शनिवारी, एका वयस्कर बाईंबरोबर काम होते. त्यांचा नातू खेळत होता. मुलीचा विषय निघाल्यावर त्या म्हणाल्या, माझ्या लहानपणी आम्हाला कुंपणाच्या आत येऊ देत नसत. आमच्यापासून तासाभराच्या अंतरावरच्या होबोकेनमध्ये १९७२ साली मारिया पेपे नावाची मुलगी लिटल लीगच्या संघातून तीन सामने खेळली, तेव्हा मुख्यालयाने त्या लीगची मान्यता काढून घेण्याची धमकी दिली आणि तिला थांबावे लागले. नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन या संघटनेने दाद मागितली, न्यू जर्सीतच निकाल तिच्या बाजूने लागला आणि १९७४ मध्ये लिटल लीगने मुलींना दार उघडले. तोवर मारियाचे खेळण्याचे वय उलटून गेले होते. हे सगळे मी घरी जाऊन वाचले. त्या दुपारी मात्र आम्हा दोघींना नाचोजवरचे चीज गरम ठेवण्यातून सवड नव्हती. आमच्या संघातल्या बारा मुलांत दोन मुली होत्या. कोणी त्याकडे विशेष लक्ष दिले नाही. लघुशंकेला जायचे तर मैदानापलीकडच्या फिरत्या स्वच्छतागृहापर्यंत सोबत लागते, एवढीच काय ती मुलींच्या पालकांसाठी सूचना.

आता माझ्या चुकीविषयी. १० मेच्या सामन्यात चेंडू मोजण्याचे काम माझ्याकडे होते. लिटल लीगमध्ये २००७ पासून पिचरने टाकलेला प्रत्येक चेंडू मोजतात, कारण वाढत्या वयातला खांदा आणि कोपर जास्त फेकीने कायमचे दुखावतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ७५ चेंडूंची मर्यादा. आणि किती टाकले त्यावर पुढची विश्रांती ठरते. वीसपर्यंत एकही दिवस नाही, ३५ पर्यंत एक, ५० पर्यंत दोन, ६५ पर्यंत तीन आणि त्यापुढे चार दिवस. आमचा पिचर म्हणजे संघातला सगळ्यात गुणी मुलगा, दहा वर्षांचा, अंगाने बारीक. चौथ्या डावानंतर त्याला उतरवले तेव्हा माझ्या वहीत ४७ चेंडू होते. प्रतिस्पर्धी संघाची लेखिका कुंपणाजवळ आली आणि म्हणाली, माझ्याकडे ५२ आहेत.

४७ म्हणजे रविवार-सोमवार विश्रांती आणि मंगळवारच्या सामन्यात तो टाकू शकतो. ५२ म्हणजे मंगळवारीही विश्रांती, बुधवारच्या आधी नाही. चूक माझी, आणि फायदा आमच्या संघाचा. यापेक्षा अवघड जागी मी आयुष्यात क्वचितच बसले असेन. दोघी वह्या शेजारी ठेवून फलंदाजागणिक मोजू लागलो. घोळ तिसऱ्या डावात सापडला. दोन स्ट्राइक झाल्यावर फलंदाजाने चेंडू फाउल, म्हणजे रेषेबाहेर, मारला की स्ट्राइकांची संख्या वाढत नाही, म्हणून मी खूण केलीच नव्हती. पण चेंडू तर टाकला गेलाच होता. हात तर फिरलाच होता. एका चिवट मुलाने तसे पाच फाउल मारले होते. तिच्या वहीत पाच ठिपके होते, माझ्या वहीत कोरा कागद.

५२ नोंदवले, सही केली. मॅनेजरला सांगायला गेले तेव्हा घशाला कोरड पडली होती. त्यांनी वही पाहिली, मंगळवारच्या यादीतले नाव खोडले आणि “थँक यू” म्हणाले. मंगळवारी आम्ही ११-४ असे हरलो. तो बारीक मुलगा डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या बाकावर, सूर्यफुलाच्या बिया सोलत बसला होता, आणि मी मात्र दर फाउलला ठिपका देत होते. त्यानंतर मी सात डॉलरचे बोटाने दाबायचे गणनयंत्र घेतले. पहिल्याच दिवशी घ्यायला हवे होते. आणि दर डावाच्या शेवटी पलीकडच्या लेखकाशी आकडा जुळवून घ्यावा, सामन्याच्या शेवटी नव्हे.

मेचा उरलेला भाग पावसात गेला. पाऊस पडून गेल्यावरही माती ओली असेल तर सामना होत नाही आणि मेघगर्जना ऐकू आली की अर्धा तास सगळ्यांनी गाडीत बसायचे. पुन्हा गडगडले की तो अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून. रद्द झाल्याचा निरोप बहुधा चार वाजता येतो, तोवर कामावरून लवकर निघून झालेले असते. राहिलेले तीन सामने जूनमध्ये कोंबले, त्यामुळे शेवटच्या दहा दिवसांत पाच सामने झाले आणि आमच्या घरी चार रात्री फक्त मुगाची खिचडी.

शेवटचा सामना १४ जूनला. मोसमभरात तिला तीन हिट मिळाल्या, म्हणजे तीनदा ती चेंडू मारून बेसवर पोहोचली; नऊ वेळा ती वॉकवर, म्हणजे पिचरने चार ‘बॉल’, मारण्याच्या टप्प्याबाहेरचे चेंडू, टाकल्यामुळे पहिल्या बेसला गेली. सहाव्या डावात दोन बाद असताना तिची पाळी आली, तीन बॉल आणि दोन स्ट्राइक झाले. पुढचा चेंडू तिने जाऊ दिला. पंचांचा हात वर गेला. मी चौकोनात उलटा ‘के’ काढला. हात थोडा थांबला, पण काढला. गाडीत बसल्यावर तिने वही मागितली, आपली ओळ शोधली आणि त्या अक्षरावर बोट ठेवून म्हणाली, “आई, तो बाहेर होता.” मी म्हटले, मलाही तसाच वाटला. घरी येईपर्यंत ती वही चाळत होती.

सोमवारी संघाच्या साहित्याची मोठी पिशवी आणि कॅचरचा सरंजाम लीगच्या कोठारात जमा केला. शुल्क, साहित्य, कुरिअर, निधीसाठी घ्याव्या लागलेल्या दहा सोडतीच्या तिकिटांचे शंभर डॉलर असे सगळे धरून खर्च साडेपाचशे डॉलरच्या आसपास गेला. गावातल्या थोरल्या मुलांच्या वापरलेल्या वस्तू आधी विचारल्या असत्या तर शंभरेक डॉलर नक्की वाचले असते. दीडशेचा अनामत धनादेश टपालाने परत आला. शरद ऋतूतल्या छोट्या मोसमाची नोंदणी १५ जुलैला उघडते, शुल्क ९५ डॉलर. आबांनी जन्मदाखला परत कधी पाठवताय म्हणून विचारले. तूर्त तो इथल्याच फाईलमध्ये आहे, विजेच्या बिलाच्या मागे.